एआय एजंटने स्लाइडमधला मजकूर बदलायचा असेल, तर त्या टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं? एक रीडमी, म्हणजे टूलसोबतची माहितीची फाइल, पुरे का?

नाही पुरत. आणि हे मी एवढं ठासून सांगतेय कारण ह्याच मुद्द्यावरून माझं आणि आमच्या तेव्हाच्या टीम लीडचं चांगलंच वाजलं होतं, आणि तो विषय माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी तेव्हा गोव्यात पर्वरीला एका छोट्या कंपनीत होते. टूल आमचंच, आत पायथन-पीपीटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटच्या पीपीटीएक्स फाइल्स बदलणारी लायब्ररी, वर एमसीपी सर्व्हर, म्हणजे एआय एजंटला टूल जोडायची एक ठरलेली पद्धत. एजंटने सांगायचं की अमक्या स्लाइडवरचा अमका मजकूर बदल, टूलने बदलायचा. लीडचं म्हणणं असं की मॉडेल हुशार आहे, फंक्शनचं नाव बघून त्याला कळतं, डॉक्स काय ते रिलीज झाल्यावर बघू. त्यामुळे 'सेट टेक्स्ट' ह्या फंक्शनचं वर्णन काय होतं, तर 'शेपमधला मजकूर बदलतो' (शेप म्हणजे स्लाइडवरची चौकट किंवा आकृती). संपलं. मी तेव्हाच म्हटलं की हे अर्धवट आहे, ह्यात काय पुसलं जातं ते कुठेच नाही, तर मला सांगण्यात आलं की डॉक्स लिहिणं म्हणजे इंजिनिअरिंग नव्हे.

मग गणेश चतुर्थीच्या तोंडावर उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलचं काम आलं. मराठी, कोकणी, इंग्रजी अशी तीन भाषांतली प्रेझेंटेशन्स, ऑक्टोबरात सीझन सुरू होतो त्याच्या आत पावसाळी पॅकेजचे रेट काढून नवे टाकायचे आणि मुंबई-पुण्याच्या टूरवाल्यांना पाठवायचं. एजंटने सगळं केलं, 'काम पूर्ण' म्हणून सांगितलं, आणि फाइल उघडून बघतो तर जो रेट मोठ्या केशरी अक्षरात ठळक होता तो बाकीच्या ओळीसारखाच काळा बारीक झालेला, प्रत्येक स्लाइडवर तेच. कारण पीपीटीएक्समध्ये वाक्य सलग नसतं, ते 'रन' नावाच्या तुकड्यांत असतं, मधला एक शब्द बोल्ड केला की त्याचा वेगळा रन, कधी टायपिंगची भाषा बदलली म्हणूनसुद्धा तुकडा पडतो. टेक्स्ट फ्रेमला, म्हणजे शेपमधल्या मजकुराच्या सगळ्या जागेला, सरळ नवा मजकूर दिला की जुने रन जातात आणि अक्षरांचा रंग, जाडी त्यांच्याबरोबर जाते. लायब्ररी असंच वागते, तो बग नाही. पण एजंटला हे सांगणार कोण? त्याला स्लाइड दिसत नव्हती, दिसत होती ती आमची ती एक ओळ.

मराठी फाइलमध्ये आणखी वेगळंच. 'किनाऱ्यावरचं जेवण' हे बदलायचं होतं ते बदललंच नाही आणि टूलने एरर न देता शून्य बदल असं म्हणून यशस्वी दाखवलं. तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्याला न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. 'किनाऱ्या' आणि 'किनार्‍या' बघायला सारखेच, शोधताना दोन वेगळे शब्द, आणि युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणं, तेही करून ते एक होत नाहीत.

मी बसून सगळी वर्णनं परत लिहिली. सेट टेक्स्ट पूर्ण फ्रेम बदलतं, फॉर्मॅटिंग जातं, एखादाच आकडा बदलायचा तर रनवालं फंक्शन वापरा. शून्य बदल आले तर काम झालं असं समजू नका, आधी शेपमधला मजकूर वाचा आणि जसा आहे तसाच उचलून शोधा. कोडची एक ओळ बदलली नाही, मॉडेल तेच, आणि तीच प्रेझेंटेशन्स नीट आली. क्लायंटला मात्र सांगितलं गेलं की आम्ही मॉडेल अपग्रेड केलं. ते मला आजही पटत नाही.

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. एमसीपीमध्ये एजंटकडे जातं ते मुख्यतः टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा, म्हणजे टूलला कुठली माहिती कशा रूपात द्यायची त्याचा आराखडा, तुमचा रीडमी तो उघडेलच असं नाही, म्हणून महत्त्वाचं ते वर्णनातच पाहिजे. टूल कशाला हात लावत नाही ते आधी लिहा: ग्रुपमधले शेप, टेबल, चार्टमधली नावं, स्मार्टआर्ट, स्पीकर नोट्स, ह्यातलं काय वगळलंय ते. स्लाइडचा नंबर म्हणजे कुठला नंबर ते लिहा, कारण तिसरी स्लाइड ही फाइलच्या आत तीन नंबरच्या नावानेच असते असं नाही, क्रम आतल्याच एका वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेला असतो. शेप नावाने शोधायचा की आयडीने तेही, नावं एकाच स्लाइडवर दोनदा येऊ शकतात. लांब मजकूर टाकला तर अक्षर आपोआप लहान होत नाही, ते गणित पॉवरपॉइंट करतं, तुमचं टूल नाही. आणि एरर मेसेज हा डॉक्युमेंटेशनचाच भाग धरा, 'शेप सापडला नाही' एवढ्यावर थांबू नका, त्या स्लाइडवर कुठले शेप आहेत त्यांची यादी द्या.

आणि जो माणूस हे लिहिणार त्याला फंक्शन ठरवायच्या मीटिंगला बसवा, रिलीजच्या आदल्या दिवशी लिंक पाठवू नका. वर्णन लिहायला घेतल्यावरच कळतं की एका फंक्शनमध्ये दोन कामं कोंबलीत.

एक मात्र आहे, वर्णनं फार लांबवू नका, टूल जोडलं की ती सहसा सगळी मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी जेवढा मजकूर वाचू शकतं त्यात, जागा खातात, दुर्मिळ गोष्टी वेगळ्या मदतीच्या फंक्शनमध्ये ठेवा. आणि हे सगळं पीपीटीएक्सचं झालं. गूगल स्लाइड्सवर काम असेल तर तिथे मजकुरातली जागा यूटीएफ-१६ ह्या अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या युनिटमध्ये मोजतात, 'क्षि' आपल्याला एक अक्षर दिसतं पण तिथे ४ युनिट होतात, ते वर्णनात उदाहरणासकट लिहा, नाहीतर एजंट अक्षर मधोमध तोडेल.