शिकागोत सोल, ब्लूज आणि रूट्स रॉक समोर बसून ऐकायचं तर कुठे आणि कधी जावं?

तुम्ही विचारलंय, की मेपासून तीन महिने ऑफिसच्या कामासाठी शिकागोजवळच्या शॉमबर्गला येताय. पुण्यात हेडफोनवर ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं जुनं गाणं) पुष्कळ ऐकलं, आता समोर बसून ऐकायचंय. तर येणारे कार्यक्रम शोधायचे कसे, कुठल्या जागी जायचं, आणि बाईने एकटीने गेलं तर चालतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्या वर्षी त्याच प्रश्नापायी मी घरी बसून राहिले होते. चालतं. मी चौदा वर्षं जातेय आणि त्यातल्या निम्म्या वेळा तरी एकटीच गेलेय. बारपाशी बसायचं, बारटेंडरला सांगायचं की गाणं ऐकायला आलेय, दारू घेतलीच पाहिजे असं काही नाही. सोडा-लिंबू मागितलं तरी कोणी वाकडं बघत नाही. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा. बहुतेक ठिकाणी २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो आणि केस पांढरे झालेल्यांकडेही दारावर ओळखपत्र मागतात.

आता मुख्य गोष्ट. कार्यक्रम निवडताना आधी वार बघा, नाव मागाहून. शुक्रवार-शनिवारी या जागा पर्यटकांनी आणि वाढदिवसाच्या घोळक्यांनी भरलेल्या असतात. बँडही मग सगळ्यांना ठाऊक असलेली पाच-सहा गाणी वाजवतो, कारण आलेल्यांना तीच हवी असतात. बुधवार-गुरुवारी तोच बँड, त्याच जागी, वेगळाच वाजतो. त्या दिवशी समोर बसलेल्यांत चार-पाच जण स्वतः वाजवणारे असतात आणि त्यांच्यासमोर उरकून टाकायची सोय नसते. आपल्याकडे पुढच्या रांगेत जाणकार बसले की गवई जसा सावरून बसतो, तसंच.

दुसरं, पहिला सेट (मधल्या सुटीपर्यंत सलग वाजवलेली गाणी) संपला म्हणून उठू नका. जायला लागले त्या पहिल्या हिवाळ्यात शेवटची मेट्रा, म्हणजे उपनगरांकडे जाणारी रेल्वे, गाठायची म्हणून मी दर वेळी पहिल्या सेटनंतर निघायचे. ज्या रात्री गाडी चुकली, त्या रात्री मला कळलं की आजवर मी नुसतं हात मोकळे करणंच ऐकत होते. शॉमबर्गहून मेट्राने येऊ नका, असं म्हणूनच सांगते. मोटार रोझमाँट किंवा कंबरलँड स्टेशनच्या वाहनतळावर (पार्क अँड राइड) लावा आणि ब्लू लाइन या शहरी लोकलने शहरात या. ब्लू लाइन आणि रेड लाइन रात्रभर चालतात.

पहिल्यांदा जायचं तर रोझाज लाउंजला जा. शहराच्या पश्चिम भागात आर्मिटेज अ‍ॅव्हेन्यूवर आहे. इटलीहून ब्लूजच्या वेडापायी इथे आलेल्या टोनी मॅन्जुलोने १९८४ साली आईच्या सोबतीने ही जागा सुरू केली. रोझा हे त्या आईचं नाव. जागा लहान, लांबट, आणि लोक खरोखर ऐकायला येतात. गाणं चालू असताना मोठ्याने बोलणाऱ्याकडे इतर गिऱ्हाईकंच वळून बघतात.

तिथली एक गुरुवारची रात्र सांगते. बाहेर बर्फ, आत पंचवीस-तीस माणसं. दुसऱ्या सेटमध्ये अगदी संथ ब्लूज सुरू झालं. हार्मोनिका वाजवणाऱ्याने (इथे हार्प म्हणतात) माइक आणि हार्मोनिका दोन्ही एकाच ओंजळीत धरले होते. ओंजळ मिटली की सूर बंद दाराआडून यावा तसा येई, आणि बोटं हळूहळू उघडली की तोच सूर खोलीभर पसरे. ड्रमरने आवाज इतका खाली आणला की ग्लासातल्या बर्फाची किणकिण ऐकू येऊ लागली. गायकाने माइक बाजूला केला आणि तसाच, उघड्या गळ्याने, दोन ओळी म्हणाला. मग बँडकडे न बघता मूठ वर केली आणि चौघे एकदम थांबले. पुढची ओळ त्याने एकट्याने म्हटली, आणि बाराव्या बारच्या (बार म्हणजे इथे आवर्तनाचा चार मात्रांचा एक भाग) शेवटी सगळे परत एका जागी येऊन पडले. मी मिरजेची. समेवर येणं म्हणजे काय हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण तेच इतक्या दूरच्या संगीतात, अनोळखी माणसांत बसून अंगावर येईल, असं मला वाटलं नव्हतं.

थोडं ऐकण्याबद्दल सांगते, कारण समोर बसल्यावर हे दिसतं आणि हेडफोनवर दिसत नाही. ब्लूजचं नेहमीचं आवर्तन बारा बारचं. पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं, आणि प्रत्येक ओळीनंतर उरलेल्या जागेत गिटार किंवा हार्पने जबाब द्यायचा. भजनात बुवा आणि टाळकरी असतात, त्याच नात्याचं हे आहे. आणि ज्याला ब्लू नोट म्हणतात, तो सूर बहुधा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी असतो. गिटारवाला तार ढकलून तिथे जातो, सितारिया ओढून जातो. कोणाची तार नेमकी कुठवर जाते आणि तिथे किती वेळ थांबते, यावरून मी आता डोळे मिटून दोन-तीन वादक ओळखू शकते.

जॅमच्या रात्री तर नक्की जा. एकमेकांना कधी न भेटलेले चार जण स्टेजवर चढतात. म्होरक्या मागे वळून एवढंच म्हणतो, 'शफल, ए मध्ये, फ्रॉम द फाइव्ह.' म्हणजे लय झुलती, पट्टी ए, आणि सुरुवात आवर्तनाच्या शेवटच्या चार बारांपासून. तालीम एवढीच. पुढची सात मिनिटं कोणी चुकत नाही.

हे सगळं शिकागोतच का, हेही समजून घ्या, म्हणजे जागा बघताना डोळ्यांपुढे काहीतरी राहील. विसाव्या शतकात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली शेतं आणि तिथला जाच सोडून उत्तरेकडच्या शहरांत आली. मिसिसिपीतून निघणाऱ्यांना इलिनॉय सेंट्रलची रेल्वे थेट इथे आणून सोडायची. ब्लूजचा मोठा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ साली असाच आला. गावाकडे ओसरीवर एका साध्या गिटारने भागायचं, इथल्या गजबजलेल्या बारमध्ये ती ऐकूच येईना, म्हणून विजेची गिटार आली, हार्पला माइक आला, मागे ड्रम आले. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात तर वादक शेजारच्या दुकानातून वायर ओढून अँप (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) चालवायचे. आज रॉक म्हणून आपण जे ऐकतो, त्याचा आवाज या अडचणीतून घडला. २१२० साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यूला चेस रेकॉर्ड्स या ब्लूजच्या रेकॉर्ड कंपनीची इमारत अजून आहे. १९६४ साली रोलिंग स्टोन्सनी मुद्दाम तिथे येऊन रेकॉर्डिंग केलं होतं. आता ती ब्लूजचा गीतकार विली डिक्सनच्या नावाने चालणाऱ्या ब्लूज हेवन फाउंडेशनकडे आहे. वेळ विचारून दिवसा जाऊन या.

गिटारवादक बडी गायचा लेजंड्स हा क्लब तुम्हाला माहीत असेलच. १९८९ साली सुरू झाला, साउथ लूपमध्ये वाबॅश अ‍ॅव्हेन्यूवर आहे. बडी गाय स्वतः तिथे वाजवतो ते मुख्यतः जानेवारीत, त्यामुळे तुमच्या मुक्कामात ते जमणार नाही. २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हा तो आला होता. तुमच्या ओळखीत कोणी गेलं असेल तर विचारा, माणूस गिटार वाजवत लोकांच्या गर्दीत कसा उतरतो ते. तो नसला तरी तिथला बँड चांगला असतो, आणि संध्याकाळी लवकर एखादाच गिटारवाला विनागोंगाट वाजवत असतो, तो मला जास्त आवडतो.

किंग्स्टन माइन्स हा क्लब १९६८ पासून आहे, हॉल्स्टेड स्ट्रीटवर. दोन खोल्या, दोन स्टेज. एका खोलीतला बँड थांबला की दुसऱ्या खोलीतला सुरू होतो आणि माणसं ग्लास घेऊन इकडून तिकडे जातात. पहाटेपर्यंत चालतं. शनिवारी गर्दी फार, मधल्या वारी छान.

नावंच हवी असतील तर वेळापत्रकात ही शोधा. जॉन प्रायमर मडी वॉटर्सच्या शेवटच्या बँडमध्ये होता. जुनी चाल त्याच्या हातात शाबूत आहे. बिली ब्रांच हा हार्पचा मोठा माणूस, शाळाशाळांतून मुलांना ब्लूज शिकवत आलाय. टोरोंझो कॅनन कित्येक वर्षं दिवसा सीटीएची, म्हणजे शहराची, बस चालवायचा आणि रात्री वाजवायचा. त्याची गाणी आजच्या शिकागोबद्दल असतात, म्हणून मला तो फार जवळचा वाटतो. लिल एडची स्लाइड गिटार (बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवतात) ऐकताना खुर्चीत बसवत नाही. यातलं कोणीही बुधवारी-गुरुवारी लहान जागेत दिसलं, तर बाकीचे बेत बाजूला ठेवा.

सोल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलेलं संगीत, त्याची गोष्ट वेगळी आहे. कर्टिस मेफील्ड, स्टेपल सिंगर्स ही याच शहराची माणसं, पण आज सोलचा असा ठरलेला अड्डा नाही. ब्लूजचे बँडच दुसऱ्या सेटमध्ये दोन-तीन सोल गाणी घेतात, आणि गाणारी बाई चर्चमध्ये वाढलेली असेल तर ते लगेच कळतं. नावाजलेल्या कलाकारांसाठी एव्हन्स्टन या उपनगरातल्या स्पेस या जागेचं वेळापत्रक बघत राहा. लहान सभागृह, आवाज फार नितळ. स्टेपल सिंगर्समधल्या मेव्हिस स्टेपल्सचा कार्यक्रम कुठेही, कितीही लांब लागला तर जा. तिचा जन्म १९३९ चा आहे, पुढच्या वेळी बघू असं म्हणू नका.

रूट्स रॉकसाठी, म्हणजे ब्लूज, कंट्री अशा मुळांना धरून असलेल्या रॉकसाठी, बर्विन या उपनगरातलं फिट्झजेराल्ड्स. लाकडी, जुन्या वाड्यासारखी जागा. जुलैच्या ४ तारखेच्या आसपास तिथे अमेरिकन म्युझिक फेस्टिव्हल भरतो. तुम्ही तेव्हा इथे असाल. कंट्री, ब्लूज, झायडेको (लुइझियानाचं अ‍ॅकॉर्डियनवरचं नाचाचं संगीत), गिटारचं रॉक, सगळं एकापाठोपाठ. आणि लिंकन स्क्वेअरच्या ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकला एकदा जाऊन बसा. १९५७ साली सुरू झालेली ही शाळा. मोठी माणसं ऑफिस सुटल्यावर गिटार, बँजो, फिडल शिकायला येतात आणि त्याच इमारतीत कार्यक्रमही होतात. तीन महिन्यांत तुम्ही एखादा वर्गसुद्धा करू शकाल.

शोधायचं कसं, तर प्रत्येक जागेच्या स्वतःच्या वेळापत्रकावर जा आणि त्यांच्या ईमेलच्या यादीत नाव घाला. तिकिटं विकणाऱ्या मोठ्या साइट्सवर बुधवारचा बँड बहुधा सापडतच नाही, कारण त्याचं तिकीटच नसतं, दारावर कव्हर, म्हणजे प्रवेशाचे पैसे, द्यायचे असतात. आवडलेल्या वादकांना इन्स्टाग्रामवर धरून ठेवा. उद्या कुठे वाजवणार हे ते आदल्या दिवशी तिथेच टाकतात. जाहिरातीत 'डोअर्स' आणि 'शो' अशा दोन वेळा दिसतील. पहिल्या वेळेला दार उघडतं, गाणं दुसऱ्या वेळेला. खुर्ची हवी तर पहिल्या वेळेला पोहोचा.

आणि पाच-पाच डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. सेट संपता संपता बादली किंवा बरणी फिरते, नाहीतर स्टेजच्या कडेला ठेवलेली असते. त्यात टाकायलाच हवं. ही माणसं चार तास वाजवतात, स्वतःचे अँप स्वतः उचलून आणतात, आणि रात्रीची कमाई चौघा-पाचांत वाटली की हातात फार उरत नाही. सीडी विकायला असेल तर घ्या, वाजवणाऱ्याकडूनच घ्या, आणि त्याला सांगा की कुठलं गाणं लागलं. ऐकणाऱ्याने नेमकं गाणं सांगितलं की त्यांचा चेहरा उजळतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

आता राहिला जूनचा शिकागो ब्लूज फेस्टिव्हल. महिन्याच्या सुरुवातीला, शनिवार-रविवार धरून, मिलेनियम पार्कमध्ये असतो. १९८४ पासून चालत आलाय आणि फुकट आहे. दुपारी लहान स्टेजांवर शहरातले बँड, संध्याकाळी प्रित्झकर पॅव्हिलियनला मोठी नावं. पॅव्हिलियनसमोरच्या गवतावर लोखंडी नळ्यांची कमानदार जाळी आहे आणि स्पीकर त्या जाळीला टांगलेत, त्यामुळे पार मागे बसलं तरी शब्द न् शब्द कळतो. दुपारचे स्टेज चुकवू नका. संध्याकाळी जो लांबून ठिपक्याएवढा दिसतो, तशाच ताकदीचा कोणीतरी दुपारी तीन वाजता दहा फुटांवर वाजवत असतो.

मिरजेला दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने संगीत सभा होते. लहानपणी आम्ही रात्र रात्र तिथे बसायचो, तिकीट नाही की मानाच्या खुर्च्या नाहीत, शेजारी कोण बसलंय हे कोणी विचारायचं नाही. इथे गवतावर बसलं की मला तेच आठवतं. एकदा शेजारच्या आजींनी मला सोललेलं संत्रं दिलं आणि स्टेजवरचा म्हातारा त्यांच्या मिसिसिपीतल्या गावचा आहे असं सांगितलं. मग गाणं संपेपर्यंत त्या ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होत्या.

आम्ही चार-पाच मराठी घरं दरवर्षी शनिवारी दुपारपासून तिथे असतो. गवतावर, स्टेजकडे तोंड केलं की उजव्या हाताला, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जाड सतरंजी दिसेल. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते. येऊन बसा.