कॉलवर ड्युटी, मग मेडिक्लेम कुणाचा?

प्रश्न: मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, नाशिकला दोन-तीन हॉस्पिटलांत कॉलवर ड्युट्या करते, म्हणजे कोणी सिस्टर रजेवर गेली की मला फोन. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नाही, पीएफ नाही. थायरॉइडची गोळी चालूय. स्वतःचा मेडिक्लेम घेऊ का, बिलात कन्सेशन तर तसंही मिळतं?
– एक सिस्टर, सिडको

उत्तर: घ्याच ताई. कन्सेशन ओळखीवर मिळतं, मॅट्रनबाई बदलल्या की संपलं. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख आहेत, पण यादीतले उपचार आणि यादीतलीच हॉस्पिटलं, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका.

फॉर्मवर थायरॉइड लिहाच, एजंट काहीही म्हणो (त्याला कमिशनची घाई असते). जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड (तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) आता जास्तीत जास्त 3 वर्षं, आणि लपवलं तर क्लेमच नाकारतात.

खरी गोम रूम रेंटमध्ये. 5 लाखांच्या पॉलिसीत रूमला दिवसाला 1 टक्का लिमिट असेल तर रूम रोजच्या 5000 ची, तुम्ही 8000 वाली घेतली की नुसते वरचे 3000 नाही जात, डॉक्टर फी, ओटी चार्ज सगळं त्याच प्रमाणात कापतात, डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर नातेवाईक भांडताना तुम्ही बघितलेच असतील. म्हणून रूम लिमिट नसलेली बघा.

हप्ता जमलं तर वर्षाचा एकदम भरा, कारण महिन्याच्या हप्त्याला ग्रेस (तारीख उलटल्यावर भरायची सवलत) फक्त 15 दिवसांचा आणि कॉल कमी आले की तोच चुकतो. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटीही 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय.