‘सगळं ओरिजनल आहे’ म्हणतात, पण बघायचं नेमकं काय?

प्रश्न : नमस्कार सर. बाबांच्या ओळखीतले एक काका त्यांची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, विकतायत, १९६६ची, उघड्या टपाची, लाल. आरसीवर पण १९६६च आहे. बरीच वर्षं सोसायटीच्या बेसमेंटला कव्हर घालून उभी आहे, मधूनमधून चालू करतात. रंग एकदम चकचकीत. काका म्हणतात सगळं ओरिजनल आहे, अठ्ठावीस लाखाच्या खाली देणार नाही. किंमत बरोबर आहे का आणि ओरिजनल आहे हे समजायचं कसं? काकांना वाईट वाटेल असं काही करायचं नाहीये. – एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : आधी तो लाल रंग डोक्यातून काढा. साठ वर्षं जुन्या गाडीचा रंग चकचकीत आहे म्हणजे तो नंतर मारलाय एवढंच कळतं, खाली पत्रा आहे की लांबी (पुटी) भरलीये ते कळत नाही, आणि पैसे त्या पत्र्याचेच द्यायचे असतात. एमजीबी तशी जगात दुर्मिळ नाही, १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधे अ‍ॅबिंग्डनला पाच लाखांच्या वर बनल्या, पार्ट अजून सगळे मिळतात, अख्खी नवीन बॉडीशेल, म्हणजे पत्र्याचा पूर्ण सांगाडासुद्धा ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८पासून बनवते. म्हणून सीट फाटलीये, दिवा फुटलाय, मीटर चालत नाही असल्या गोष्टींवर घासाघीस करत बसू नका, ते सगळं नंतर होतं.

या गाडीला छप्पर नाही, त्यामुळे सगळा भार दाराखालच्या उंबऱ्यावर येतो, म्हणजे सिलवर. ती सिल आतून तीन-चार थरांची असते आणि आतून बाहेर सडत येते, वरून दिसतं तोवर आतलं गेलेलं असतं. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात चार महिने पाऊस आणि बेसमेंटला प्लास्टिकचं कव्हर, म्हणजे ओल आतच कोंडणार. तर असं करा, दार बंद असताना मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बघा, ती सारखी पाहिजे. वरती चिमटल्यासारखी आणि खाली मोठी दिसली की गाडी मधून बसलीये. मग काकांच्या परवानगीने जॅक लावून ती बाजू उचला आणि दार उघडून लावून बघा, अडकायला लागलं तर उंबरा गेला असं धरून चाला. गाडी लिफ्टवर घेता आली तर सिलच्या खालून बघा, तिथे किल्ल्याच्या तटासारखी दातेरी पट्टी असते. ती पट्टी न दिसता सपाट पत्रा दिसला तर जुन्या सडक्या पत्र्यावर नवीन झाकण वेल्डिंग करून टाकलंय. हे मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण गाडी बाहेरून सुंदर दिसते आणि घेणाऱ्याचे आयुष्याचे साठवलेले पैसे त्यात जातात.

सीटच्या मागचं झाकण पण उचला. १९६६च्या गाडीत तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, बारा व्होल्टची एक नाही, आणि पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. बॅटरीचे ते खण सडलेले असतात बऱ्याचदा. आणि तिथेच कोपऱ्यात, गालिच्याखाली, डॅशबोर्डच्या मागे गाडीचा पहिला रंग सापडतो, कारण रंगवणारा तिथपर्यंत जात नाही. बाहेर लाल आणि आत फिकट पिवळा दिसला तर गाडी कंपनीतून पेल प्रिमरोज म्हणून निघालेली असू शकते, तो त्या काळचा कंपनीचा रंग आहे. बाकी अंगावर पेंटची जाडी मोजायचं मीटर फिरवा, वागळे इस्टेटला चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे मिळेल. कंपनीचा पेंट साधारण १००-१५० मायक्रॉन असतो, दुसऱ्यांदा रंगवली तर वाढणारच, पण आकडा हजाराच्या वर गेला की खाली लांबीच आहे.

आता नंबर. चॅसी नंबर जीएचएन३ने सुरू व्हायला पाहिजे, जीएचएन४ किंवा ५ असेल तर गाडी नंतरची आहे, मग आरसीवर काहीही लिहिलेलं असो. इंजिन नंबर १८जीबीने सुरू पाहिजे, ते पाच बेअरिंगचं १७९८ सीसी इंजिन ऑक्टोबर १९६४पासून १९६७पर्यंत येत होतं. १८व्ही दिसलं तर इंजिन सत्तरच्या दशकातलं बसवलंय. आणि हो, आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच बी सिरीज घराण्यातलं, त्यामुळे आपल्याकडे जुन्या ब्रिटिश गाडीत अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन टाकायचा मोह सोपा असतो, ते नक्की तपासा. गाडी त्यावर छान चालेल, पण ओरिजनलचे पैसे द्यायचे नाहीत. नंबरच्या प्लेटा नवीन बनवून मिळतात म्हणून प्लेटचे रिव्हेट नीट बघा, बाजूचा रंग जुना आणि रिव्हेट कोरे असतील तर विचारा. आरटीओत करतात तसं कागद ठेवून पेन्सिल घासून दोन्ही नंबरांचा ठसा घ्या आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा.

काकांना न दुखवता हे कसं करायचं म्हणता ना, त्याला एक चांगला रस्ता आहे. इंग्लंडमधे गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, त्यांच्याकडे कंपनीची जुनी रजिस्टरं आहेत, फी भरली की हेरिटेज सर्टिफिकेट देतात, त्यात गाडी कधी बनली, रंग कुठला, आतलं कापड कुठलं, इंजिन नंबर काय, कुठल्या देशात पाठवली हे असतं. काकांनाच म्हणा की तुमच्या नावाने मागवूया, फी मी भरतो, गाडीला शोभेल असा कागद होईल. गाडी खरी असेल तर काकांनाच आनंद होईल. शिवाय गाडी भारतात आली कशी ते विचारा, परदेशातून कोणी परत येताना आणली की दूतावासातून घेतली, आणि कस्टम ड्युटी भरल्याचा कागद आहे का. तो नसेल तर मी तरी पुढे जाणार नाही, गाडी कितीही आवडलेली असू दे.

चालवताना एक सांगतो, गाडी हळू चालू असताना पहिला गिअर टाकलात आणि करकरला तर घाबरू नका, त्या वर्षीच्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरवर सिंक्रो, म्हणजे गिअर गुळगुळीत पडायची सोय, नसतेच. इंजिन चांगलं गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइल प्रेशर ५० पीएसआयच्या आसपास पाहिजे, गार इंजिनवरचा आकडा बघून खूष होऊ नका.

किंमतीचं म्हणाल तर अठ्ठावीस बरोबर की चूक हे गाडी उचलून खालून बघितल्याशिवाय कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पत्र्याच्या कामाचं लेखी एस्टिमेट घ्या आणि ते आकड्यातून सरळ वजा करा. उंबरे शाबूत, नंबर जुळतात, कागद पूर्ण, पण रंग उडालेला, अशी गाडी मी चकचकीत पण कागद नसलेल्या गाडीपेक्षा जास्त पैसे देऊन घेईन, केव्हाही.

प्रश्न : माझ्याकडे १९७२ची गाडी आहे, जुना एमएच नसलेला नंबर. व्हिंटेज गाड्यांचा नवीन, व्हीए अक्षरांचा नंबर घेतला तर किंमत वाढेल का? – ऐरोली

उत्तर : घाई नको. २०२१च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि चॅसी, बॉडी, इंजिनमधे मोठे बदल न केलेली गाडी व्हिंटेजमधे बसते, नवीन नोंदणीची फी २० हजार, दहा वर्षं चालते, पुढचं रिन्यूअल ५ हजार. पण मग ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच, आणि धंद्याला तर नाहीच. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तो जुना नंबर हा गाडीच्या इतिहासाचा भाग आहे आणि घेणारा त्याचे पैसे देतो, म्हणून नंबर बदलू नका, आणि गाडी रोज चालवायची असेल तर माझं मत नोंदणीही आहे तशीच ठेवा. दर पाच वर्षांनी फिटनेस करून आरसी रिन्यू करत राहा, मधे खंड पडू देऊ नका.

प्रश्न : वडिलांची जुनी टू-सीटर विकायची आहे. आधी रंगवून घेऊ का, चांगली किंमत येईल? – नेरूळ

उत्तर : नको, अजिबात रंगवू नका. जाणकार घेणारा ताजा रंग बघून आधी विचारतो की खाली काय लपवलंय. गाडी धुवा, वडिलांनी जपलेली जुनी बिलं, विम्याचे कागद, तेव्हाचे फोटो सगळं एका फाइलमधे लावा, काढून ठेवलेले जुने पार्ट भंगारात न देता गाडीसोबत द्या. आणि आरसी अजून वडिलांच्या नावावर असेल आणि ते नसतील, तर वारसाच्या नावावर ट्रान्सफर आधी करून घ्या, मगच गिऱ्हाईक बोलवा.