रिकामं खोकं नगावर विकू नका

फोटो, कॅमेरे आणि स्टुडिओच्या धंद्याबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतोय लातूरचा एक जुना स्टुडिओवाला.

प्रश्न : माझा परभणीत लग्नाच्या डेकोरेशनचा धंदा आहे. हल्ली वधू-वराकडचे लोक पंगतीच्या टेबलांवर यूज अँड थ्रो रोल कॅमेरे ठेवायला सांगतात. पाहुण्यांनी काढायचे, आम्ही रोल धुवून आणून द्यायचे. तुळशीच्या लग्नानंतरच्या सीझनसाठी मी ऑनलाइन डझनभर कॅमेरे मागवले. पुण्याहून रोल धुवून आले तर काहींवर लाल-नारंगी पट्टे, एकाचा फ्लॅशच पेटलेला नाही, आणि एका रोलबद्दल लॅबनं कळवलं की हा सिनेमाचा रोल आहे, आमच्या मशीनमध्ये घालता येणार नाही. विकणारा म्हणतो माल कंपनीचाच आहे. हे कॅमेरे पुन्हा भरलेले असतील का? आणि माझे वापरून झालेले कॅमेरे कुणी असेच भरून विकू नयेत म्हणून काय करू?

उत्तर : भरलेलेच आहेत. नुसते पट्टे आणि मेलेला फ्लॅश असता तर संशयावर भागवावं लागलं असतं, पण सिनेमाच्या रोलनं पुरावाच हातात दिला. फूजी असो की कोडॅक, कंपनी अशा कॅमेऱ्यात साधा कलर निगेटिव्ह रोल घालते, सी-४१ पद्धतीनं धुवायचा. सिनेमाच्या रोलच्या पाठीवर काजळीचा काळा थर देण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. सिनेमाच्या लॅबमध्ये तो आधी वेगळा काढतात. साध्या मशीनमध्ये असा रोल गेला की काजळी सुटते, केमिकल घाण होतं आणि मागून येणाऱ्या दुसऱ्याच्या निगेटिव्हला चिकटते. तेव्हा लॅबवाल्यानं नाही म्हटलं ते आडमुठेपणानं नाही. त्यानं रोल वेळेत ओळखला, उलट त्याला चहा पाजा.

आता त्या लाल पट्ट्यांचं बघा. कंपनीचं झाकण प्लास्टिकच्या बारीक आकड्यांवर बसवलेलं असतं. लॅबवाला रोल काढायला झाकण उचकटतो तेव्हा त्यातले आकडे बरेचदा मोडतात, आणि ते मोडावेत अशीच त्यांची रचना असते. पुन्हा भरणारा तेच झाकण काळ्या टेपनं नाहीतर फेव्हिक्विकनं बसवतो. फट राहते. त्या फटीतून उजेड रोलच्या पाठीमागून शिरतो, रोलच्या मूळच्या नारंगी पट्टीतून गाळून आत जातो आणि सगळ्यात खालच्या, लाल रंग धरणाऱ्या थराला आधी लागतो. म्हणून पट्टा लाल-नारंगीच उमटतो. समोरून उजेड लागला असता तर त्याचं रूप वेगळं दिसलं असतं.

कॅमेरा आतून कसा चालतो ते समजलं की पुढच्या वेळी कुणी फसवणार नाही. आपल्या जुन्या कॅमेऱ्यात रोल डबीतून बाहेर यायचा आणि शेवटी आपण तो उलटा गुंडाळायचो. यात उलटं आहे. कारखान्यातच सगळा रोल डबीबाहेर ओढून पलीकडच्या रिळावर गुंडाळून ठेवतात. तुम्ही अंगठ्यानं चाक फिरवलं की एक फोटो डबीत परत जातो. शेवटचा फोटो झाला की सगळा रोल डबीत सुखरूप. लॅबवाला मग भर उजेडातही डबी काढून घेऊ शकतो. रोलच्या भोकांत एक दातेरी चाक फिरत असतं, तेच शटरला ताण देतं. रोल नसेल तर नुसतं बटण दाबून काही होत नाही. आणि वरची चकती सत्तावीसपासून उलटी मोजत शून्यावर आली की पुढचं काम थांबतं. म्हणजे भरणाऱ्याला पुठ्ठा फाडायचा, झाकण काढायचं, अंधारात नाहीतर काळ्या पिशवीत हात घालून नवा रोल उलटा ओढून बसवायचा, सेल बदलायचा, चकती मागं आणायची, झाकण चिकटवायचं आणि नवा पुठ्ठा घालायचा, एवढी कामं करावी लागतात. यातलं सेलचं काम आळशी माणूस टाळतो. तुमचा फ्लॅश पेटला नाही तो बहुतेक त्यामुळंच.

पुढच्या वेळी पार्सल उघडलं की आधी पुठ्ठ्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहकांसाठीचा फोन नंबर छापलाय का ते बघा. विदेशी मालाच्या पाकिटावर हे आपल्याकडं सक्तीचंच आहे. रोलची मुदत छापलेली हवी. पुठ्ठ्याच्या घडीवर डिंकाचे दोन थर, किंवा खाली नुसती आयएसओ, म्हणजे रोल किती उजेड धरतो त्याचा आकडा, लिहिलेली आणि रोलची जात गुलदस्त्यात, असं असेल तर घेऊच नका. एक कॅमेरा बळी द्या, पुठ्ठा सोलून काढा. लेन्सभोवती चरे, झाकणाच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचे दात, टेपचा चिकटा, यातलं काही दिसलं की सगळी लॉट परत.

पैशांचं म्हणाल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवा. लॅबनं सिनेमाच्या रोलबद्दल जे कळवलंय ते लेखी घ्या, खोकी, म्हणजे रोल काढून झालेले रिकामे कॅमेरे, आणि पट्टे आलेल्या निगेटिव्ह फेकू नका. त्यानं नाहीच भागलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक सोय झालीय, विकणारा दिल्लीचा असो की कुठला, तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. मात्र तुम्ही माल धंद्यासाठी घेतलाय, त्यामुळं समोरचा "हे ग्राहकच नाहीत" असा वाद घालणार. स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवलेल्या धंद्याला कायद्यात सूट आहे, ती वकिलाकडून नीट मांडून घ्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो, कारण खरा मुद्दा तोच आहे. कंपन्यांनी आकडे मोडायचे केले, चकती अडकायची केली, तरी भरणारे थांबले नाहीत. फूजीनं हा कॅमेरा जपानात १९८६ साली काढला, वर्षभरात कोडॅकनंही आणला. नव्वदच्या दशकात लॅबांतून रोल काढून झालेली रिकामी खोकी गोळा व्हायची, चीनमध्ये जाऊन भरली जायची आणि अमेरिकेत पुन्हा विकायला यायची. फूजीनं १९९८ साली अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडं धाव घेतली, पंधरा पेटंटं पुढं केली आणि १९९९ साली आयातबंदी मिळवली. पण २००१ साली जॅझ फोटो या कंपनीच्या अपिलात तिथल्या कोर्टानं म्हटलं की अमेरिकेत आधी विकला गेलेला कॅमेरा पुन्हा भरणं ही दुरुस्ती आहे, नवा कॅमेरा बनवणं नव्हे. आणि विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करायचा हक्क मालकाला आहे. परदेशात पहिल्यांदा विकलेल्या कॅमेऱ्यांना मात्र ही सवलत नव्हती. तो देशी-परदेशी भेदही २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रिंटरच्या काडतुसांच्या एका खटल्यात काढून टाकला.

मला विचाराल तर कोर्टाचं पटतं. परत आलेल्या खोक्यांतले फ्लॅशचे सर्किट तपासून कंपन्या स्वतःच नव्या कॅमेऱ्यात घालतात. त्यांनी केलं की रिसायकलिंग, आणि गल्लीतल्या पोरानं केलं की चोरी, हे माझ्या पचनी पडत नाही. बिघडतं ते भरलेला माल कोरा म्हणून कंपनीच्या नावावर खपवला की. आपल्या १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्यातही तसंच आहे. रीतसर घेतलेला माल पुढं विकला तर कंपनी अडवू शकत नाही, पण मालाची मूळ अवस्था बदलली असेल तर कलम ३० प्रमाणं तिला हरकत घेता येते. भरणाऱ्यानं "पुन्हा भरलेला, अमुक रोल" असं ठळक छापलं असतं तर तुम्ही निम्म्या भावात समजून-उमजून घेतला असता.

तुमच्यापुरतं सांगायचं तर कुलूप तुमच्याच हातात आहे. रिकामं खोकं सुटं झालंच नाही तर भरणार काय? लॅबला रोल पाठवताना कुरिअरच्या चिठ्ठीवरच लिहा की खोकी परत पाठवा किंवा मोडून टाका. पुठ्ठ्यावर तुमची खूण करून उपयोग नाही, तो पहिल्याच फेरीत कचऱ्यात जातो. खूण प्लास्टिकवर करा, तापवलेल्या सुईनं. मंडपातून कॅमेरे गोळा करताना नंबर लावून मोजून घ्या, पंगत उठली की बच्चेकंपनी दोन-चार तरी घरी नेते. आणि खोकी परत आली की सेल काढून घ्या, मग लोखंडी खिळ्यानं लेन्सवर खोल, आडवा-उभा चरा पाडा. अंगठ्याचं चाक पकडीनं मोडा. बस. कॅमेरा उघडायची गरज नाही, आणि उघडूही नका. का ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. माझ्याकडं वापरलेला एक यूज अँड थ्रो कॅमेरा आहे. त्यात स्वतः रोल भरून मित्रांबरोबर अजिंठा-वेरूळला न्यायचा विचार आहे. हे बेकायदा आहे का?

उत्तर : स्वतःसाठी भरतोस, कुणाला विकत नाहीस, तर कोण तुला काय विचारणार? या कॅमेऱ्यांची सुरुवातीची पेटंटं केव्हाच संपलीत, पेटंट वीस वर्षांचं असतं. भीती कायद्याची नाही, फ्लॅशची आहे. एका पेन्सिल सेलवर चालणारा तो फ्लॅश आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठवतो, आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ तसाच राहतो. पुढचं कव्हर काढून बोट सर्किटला लागलं तर झटका असा बसतो की हातातलं सगळं उडतं. इंजिनिअरिंगची पोरं हा प्रयोग हौसेनं करतात, तू करू नकोस. रोल फक्त मागच्या झाकणातून बदल, पुढच्या बाजूला हात लावू नकोस.

दुसरं म्हणजे अजिंठ्यात या कॅमेऱ्याचा काही उपयोग नाही. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. फ्लॅशशिवाय हा कॅमेरा आंधळा. फूजीच्या नेहमीच्या मॉडेलचं छिद्र एफ/१०, शटर सेकंदाचा एकशेचाळिसावा भाग, रोल ४०० आयएसओचा. यात काहीच बदलता येत नाही. लेण्याच्या अंधारात नुसते काळे फोटो मिळतील. वाघूर नदीचं वळण वरच्या व्ह्यू पॉइंटवरून मात्र छान येईल. वेरूळला कैलास लेण्याच्या अंगणात भरपूर ऊन असतं, तिथं सगळा रोल संपव. तिथल्या दगडी हत्तीजवळ एक मीटरपेक्षा आत जाऊ नकोस, त्याच्या आत लेन्स धूसर करते. मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा. कॅमेरा बसमध्ये काचेजवळ ठेवू नकोस, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रोलचे रंग वाट्टेल तसे जातात. एवढं सगळं सांगूनही माझं मत विचारशील तर रोल बदलता येतो असा साधा प्लास्टिकचा कॅमेरा घे. उचकटाउचकटीचा त्रास वाचेल.

प्रश्न : नांदेडला आमचा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी गिऱ्हाइकांचे असे कॅमेरे धुवायला यायचे, त्यांची रिकामी खोकी गोणीत पडून आहेत. एक भंगारवाला नगाप्रमाणं भाव देतोय, फक्त लेन्स फुटलेली नको म्हणतो. देऊन टाकू का?

उत्तर : भंगारवाला प्लास्टिक किलोवर घेतो. जो नगावर मागतोय, आणि लेन्स फुटलेली नको म्हणतोय, त्याला प्लास्टिक नकोय. सेल काढा, वर सांगितल्याप्रमाणं लेन्सवर खिळा फिरवा, चाकं मोडा आणि मग त्यालाच पुन्हा भाव विचारा.