सुपरमार्केटमधला ‘प्रीमियम’ माल खरंच तेवढ्या किमतीचा असतो का?

तुम्ही बदली होऊन कुडाळला आलात. इथल्या सुपरमार्केटात काळ्या-सोनेरी पाकिटांत प्रीमियम काजू, प्रीमियम आमरस, बाटलीतली सोलकढी दिसते. ऑफिसातले अर्धे लोक म्हणतात, पैसे मोजावे तसा माल. उरलेले म्हणतात, शुद्ध लूट. खरं कुणाचं, असं तुम्ही विचारलंय.

मी नऊ वर्षं इथल्याच एका काजू कारखान्यात हिशेब लिहीत होते. पाकिटावर ‘प्रीमियम’ चढण्याआधी माल कसा दिसतो ते रोज बघत होते. त्यावरून बनलेलं माझं मत असं, की हे जादा पैसे बहुतेक वेळा निवडण्याचे असतात. आकार, रंग, अख्खेपणा यांचे. चव त्यात येतेच असं नाही.

काजूचंच घ्या. पाकिटावर डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असं काहीतरी लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे पांढरा अख्खा गर आणि आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो. अर्ध्या किलोत १८० नंबरचे दोनशेच्या आसपास गर येणार, ३२० नंबरचे साडेतीनशेच्या आसपास. बस, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. गोडीशी, ताजेपणाशी त्याचा काही संबंध नाही. एकाच ढिगातली बी वाफवतात, फोडतात, गर बोरम्यात, म्हणजे सुकवायच्या भट्टीत, सुकवतात, मग बायका साल काढतात आणि टेबलावर प्रतवारी करतात. मोठा अख्खा गर एकीकडे, लहान दुसरीकडे. फोडताना-सोलताना दोन भाग झाले की पाकळी, त्याहून बारीक झाला की तुकडा. म्हणजे पाकळी हा कुणाच्या तरी हातून फुटलेला तोच काजू. पण १८० नंबर आणि पाकळी यांच्या दरात किलोमागे काही शे रुपयांचा फरक सहज पडतो.

गेल्या गणपतीत मुंबईची सगळी मंडळी घरी होती. आमचे भावजी दरवर्षी परत जाताना १८०चेच डबे नेतात, दुसरं काही चालत नाही. मी १८०, ३२० आणि पाकळी तिन्ही तुपावर परतले. १८० आणि ३२०चेही दोन-दोन भाग केले, म्हणजे डोळ्यांना काही कळू नये, आणि तीन वाट्या समोर ठेवल्या. भावजींनी चाखून पाकळीच्या वाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “हा खरा.” जाताना डबे मात्र १८०चेच नेले. त्यांचंही चूक नाही म्हणा. दिवाळीला कुणाच्या घरी डबा द्यायचा असेल तर काजू आधी दिसावा लागतो. पाकळी भेट दिलीत तर नातेवाईक वर्षभर विसरणार नाहीत. पण रोजच्या खाण्याला, उसळीला, वाटणाला १८० घेणारा माणूस बघितला की माझ्यातली हिशेबनीस हळहळते.

दुसरी गोष्ट पाकिटावर क्वचितच सापडते. कारखाना कोकणात असला म्हणजे बी कोकणातली असेलच असं नाही. इथला हंगाम फेब्रुवारी-मार्च ते मे. कारखाना वर्षभर चालवायचा तर बी बाहेरून आणावी लागते आणि त्यातली बरीच आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया अशा आफ्रिकी देशांतून येते. त्यात गैर काही नाही, पण वर माड आणि कौलारू घर छापलं की गिऱ्हाईक परसातला काजू समजून पैसे मोजतं. वेंगुर्ला काजूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्याच मालाला लावता येतं. जादा पैसे द्यायचेच असतील तर ते नाव आणि चिन्ह असलेल्या पाकिटाला द्या, चकाकीला नको.

आता पाकिटाच्या बाजूनंही बोलते, कारण आमच्या गावात ‘सुटं तेवढं चांगलं’ ही एक अंधश्रद्धाच आहे. जून ते सप्टेंबर इथली हवा म्हणजे ओला टॉवेल. सुटा काजू आठवड्यात मऊ पडतो, आणि गरात तेल भरपूर असल्यामुळे पुढे खवट होतो. हवा काढून नीट बंद केलेलं पाकीट या चार महिन्यांत खरोखर कामाचं असतं. त्याचे वीस-तीस रुपये जास्त गेले तर मला वाईट वाटत नाही. शिवाय बिल मिळतं. मागे एका साखळी दुकानातून आणलेलं महागडं पाकीट फोडलं तर वास येत होता. तारीख मुदतीतली होती. बिल घेऊन गेले, थोडी हुज्जत झाली, पैसे परत मिळाले. महामार्गावरच्या टपरीवर ‘गावठी’ म्हणून घेतलेला काजू परत करायला तुम्ही कुठे जाणार? तिथे पर्यटकांना जे विकलं जातं त्यावर वेगळं उत्तर लिहावं लागेल.

आंब्यात तर गंमतच आहे. प्रीमियम हापूस म्हणजे मोठा, एकसारखा, डाग नसलेला. आणि मोठ्या फळातच साका जास्त निघतो, हे बागायतदार स्वतः सांगतात. साका म्हणजे आतला पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग. बाहेरून कळत नाही, कापल्यावरच कळतं. म्हणजे सगळ्यात जास्त पैसे देऊन तुम्ही सगळ्यात जास्त धोका विकत घेता. आम्ही घरात मध्यम फळच आणतो, देठाशी हुंगून.

खरा घोळ असतो नावाचा. हापूसचं मानांकन २०१८ साली मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्यापुरतं. बाकी ठिकाणचा, मुख्यतः कर्नाटकातला आंबा, ‘देवगड’ छापलेल्या पेटीत बसून येतो ही काही नवी बातमी नाही. देवगडच्या उत्पादकांच्या संस्थेनं २०२५च्या हंगामापासून फळाफळावर क्रमांकाचा स्टिकर लावायला सुरुवात केली, ती याच त्रासाला कंटाळून. असा स्टिकर असलेल्या फळाला चार पैसे जास्त देण्यात अर्थ आहे. नुसत्या छापील पेटीला नाही.

डबाबंद आमरस घेताना मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणजे ज्याचं नाव पहिलं तो पदार्थ सगळ्यात जास्त. ‘हापूस आंब्याचा गर’ आहे की नुसतं ‘आंब्याचा गर’, हेही बघा. नुसतं ‘आंबा’ लिहिलं असेल तर त्यात कुठलाही आंबा बसतो.

कोकमाला हाच नियम लावताना मात्र जरा थांबा. अमृत कोकमात साखर पहिली दिसली तर ती फसवणूक नव्हे. घरी रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली साखरेत मुरवतो तेव्हाही साखर भरपूरच लागते. आगळात साखर दिसली तर मात्र बाटली खाली ठेवा. आगळ म्हणजे रातांब्याचा रस आणि मीठ, तिसरं काही नाही. बाटलीतल्या सोलकढीबद्दल मी फार बोलत नाही, कारण मी ती एकदाच प्यायले. आमच्या शेजारच्या काकींना दाखवली तर त्या म्हणाल्या, “पाकीट चकचकीत आसा, पण आत काय आसा ता कोणाक ठावक?” बाटलीला त्या पाकीटच म्हणतात. घरची कढी फिकट, किंचित जांभळटाकडे झुकणारी गुलाबी होते. भडक गुलाबी दिसली की आत बीट किंवा रंग आहे का, असा संशय घ्यायला हरकत नाही. चार-पाच सोलं (आमसुलं), अर्धा नारळ, लसूण, मिरची. एवढ्यासाठी बाटली?

मासे सुपरमार्केटातून घेऊ नका असं मी सरसकट म्हणणार नाही. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते. जुलैत ‘ताजी सुरमई’ असं लिहिलेलं दिसलं तर ती कधीची ताजी, हे विचारा. गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा थर असतो, तेव्हा बर्फ वगळून वजन किती ते पाकिटावर शोधा. बंदर एवढं जवळ असताना बाकीचे दहा महिने हा प्रश्न पडायलाच नको.

उकडा तांदूळ, तोही ‘पारंपरिक लाल’ म्हणून एक किलोच्या खणखणीत पिशवीत, हा मला सगळ्यात विनोदी प्रकार वाटतो. कोंडा राहिलेला तांदूळ लवकर जुनाट वासाचा होतो, त्याला टोकेही लवकर लागतात. गोदामं फिरून आलेल्या पिशवीपेक्षा गिरणीवर नुकताच सडलेला घ्या. पेज शिजतानाच्या वासावरूनच फरक कळेल.

जे इथं पिकत नाही तिथे माझा सूर बदलतो. चॉकलेटमध्ये कोको बटर आहे की त्याच्या जागी वनस्पती तेल, यानं चव खरोखर बदलते, आणि ते बहुधा महागातच मिळतं. चीजचं तसंच. तिथे मी निमूट पैसे देते.

तुम्ही लिहिलंय की मार्चपर्यंत नक्की इथेच आहात. मग ते काळं-सोनेरी पाकीट राहू दे, बाजारात ओले काजूगर येतील ते घ्या. शेकड्यावर मिळतात, वजनावर नाही. सोललेले महाग पडतात म्हणून कुणी अख्ख्या ओल्या बिया दिल्या, तर फोडण्याआधी हाताला खोबरेल चोळा. चीक लागला तर आठवडाभर कातडी सोलवटत राहील.