इंजिन कूलिंगच्या डिझाइनसाठी वन-डी सिम्युलेशन पुरते का?

आपण विचारले आहे की, ट्रकच्या इंजिनाची कूलिंग सिस्टिम ठरवताना वन-डी सिम्युलेशन (पाइपांच्या जाळ्यातील प्रवाहाचे एकाच दिशेने मांडलेले गणित) पुरते की थ्री-डी सीएफडी (हवेच्या प्रवाहाचे तिन्ही दिशांतले संगणकीय गणित) करावेच लागते. माझ्या अनुभवानुसार दोन्ही लागतात. मात्र कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, हे आधी ठरवावे.

सुरुवात वन-डीनेच करावी. पंप, थर्मोस्टॅट, होज, रेडिएटर आणि वॉटर जॅकेट (इंजिनातील पाण्याच्या वाटा) यांचे जाळे जीटी-स्वीट किंवा कुलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मांडले, की रेडिएटरचा आकार किंवा पंपाचा वेग बदलून दहा पर्याय एका दुपारी तपासता येतात. परंतु रेडिएटरसमोर हवा किती येते आणि ती किती गरम असते, हे हे मॉडेल स्वतः शोधत नाही. ते आपणच त्याला द्यायचे असते, आणि चूक बहुधा तिथेच होते.

एका ट्रकच्या बाबतीत आमचा हिशेब कागदावर चोख होता, पण डायनॅमोमीटरवर (भार देऊन चाचणी घेण्याच्या यंत्रावर) पूर्ण भाराखाली कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, अपेक्षेपेक्षा बराच तापला. रेडिएटरच्या पुढच्या बाजूला थर्मोकपल (तापमान मोजणारे संवेदक) लावले तेव्हा खालच्या दोन्ही कोपऱ्यांत शिरणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १० अंशांनी गरम निघाली, कारण पंख्याने मागे फेकलेली हवा रेडिएटर आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीतून फिरून पुढे येत होती. कूलंट १०० अंशांवर आणि हवा ४० अंशांवर असेल तर फरक ६० अंशांचा असतो. हवा ५० अंशांची झाली, तर तेवढ्या भागाची क्षमता सहाव्या हिश्शाने घटते. फोमची पट्टी लावून फट बुजवली आणि तापमान उतरले.

ही फट थ्री-डी मॉडेलमध्ये आधीच दिसली असती. त्यात रेडिएटरची प्रत्येक फिन (उष्णता हवेत सोडणारी पातळ पट्टी) काढत नाहीत. त्याला सच्छिद्र माध्यम मानून दाबातील घटीचे गुणांक चाचणीतून घेतात. पंख्याची पाती प्रत्यक्ष न फिरवता त्याच्याभोवतीचा भाग फिरत्या संदर्भचौकटीत सोडवण्याची एमआरएफ (मल्टिपल रेफरन्स फ्रेम) पद्धत स्वस्त पडते, पण पाती कोणत्या स्थितीत गोठवली यावर तिचे उत्तर हलू शकते, म्हणून ते पंख्याच्या चाचणीतील वक्राशी ताडून पाहावेच. मग हवेच्या वेगाचे आणि तापमानाचे मिळालेले वितरण वन-डी मॉडेलला द्यावे, तिथून आलेली उष्णता परत थ्री-डीत भरावी आणि आकडे स्थिरावेपर्यंत अशा फेऱ्या कराव्यात.

कार्यबिंदू, म्हणजे इंजिनाचा भार आणि गाडीचा वेग यांची तपासायची स्थिती, निवडताना केवळ कमाल वेगाची स्थिती घेऊ नये. खंबाटकी घाट चढणाऱ्या भरलेल्या ट्रकचे इंजिन पूर्ण भारावर असते, पण वेग इतका कमी असतो की समोरून येणारी हवा नगण्य असते आणि सारी मदार पंख्यावर राहते. याच स्थितीत एअर-टू-बॉइल, म्हणजे बाहेरच्या ज्या तापमानाला कूलंट आपली मर्यादा गाठते ते तापमान, काढावे: बाहेर ३५ अंश असताना कूलंट ९५ अंशांवर स्थिरावले आणि मर्यादा १०८ अंशांची धरली, तर ही गाडी बाहेरचे तापमान ४८ अंश होईपर्यंतच टिकेल. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उरलेल्या दोन-तीन अंशांत धुळीने अर्धवट बुजलेला रेडिएटर बसत नाही.