जुनी शेझ लाँग घेताय? आधी उलटी करून बघा

शेझ लाँग म्हणजे पाय पसरून रेलायची लांब बैठक. एका टोकाला उंच पाठ, दुसरं टोक बहुधा मोकळं. जुनी शेझ लाँग घेणाऱ्यांचे प्रश्न वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. कापड, रंग, नक्षी याबद्दल सगळे विचारतात, सांगाड्याबद्दल जवळजवळ कोणीच नाही. त्यामुळे उत्तरं देताना मी पुन्हापुन्हा खालच्या बाजूला वळणार आहे. कंटाळू नका.

प्रश्न: विक्रेता म्हणतो, ही व्हिक्टोरियन आहे, दीडशे वर्षं जुनी. कोरीव पाय, बटणांची पाठ, सगळं तसंच दिसतं. खरंखोटं कसं ओळखायचं?

कोरीव पाय आणि बटणांची पाठ यांवरून शैली कळते, वय नाही. व्हिक्टोरिया राणीचा काळ १८३७ ते १९०१. पण त्या धाटणीच्या शेझ लाँग नंतरही बनत राहिल्या, आजही बनतात. व्यापारात साधारण शंभर वर्षांवरच्या वस्तूला अँटिक म्हणतात. त्याहून अलीकडची, पण आपल्या काळाची छाप असलेली वस्तू व्हिंटेज. हा दुसरा शब्द इतका सैल आहे की तो ऐकून किंमत वाढवून देऊ नका.

दोघांनी धरून ती आडवी करा आणि खालून बघा. तळाला काळं कापड ठोकलेलं असेल, तर एक कोपरा सोडवून दाखवायला सांगा. त्याला विक्रेता तयार नसेल, तर मी पुढे बोलणंच करत नाही. आत तागाच्या रुंद पट्ट्या एकमेकींत विणलेल्या दिसायला हव्यात. त्या ज्या लाकडी पट्टीवर ठोकल्या आहेत ती नीट न्याहाळा. शंभर-दीडशे वर्षांत बैठकीचं कापड अनेकदा बदललेलं असतं आणि दर वेळी बारीक खिळे नव्याने ठोकले जातात. त्यामुळे खऱ्या जुन्या लाकडाला भोकांची अक्षरशः चाळण झालेली असते. लाकूड स्वच्छ आणि स्टेपलच्या पिनांची एकच रांग असेल, तर दीडशे वर्षांची गोष्ट विसरा. निदान ती पट्टी तरी नवी आहे.

मग स्क्रू बघा. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. तसा एखादा दिसला तर नंतरची दुरुस्ती समजता येईल, पण सगळेच तसे असतील तर हिशोब जुळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या स्क्रूला टोक नसायचं, बुंधा बोथटच सोडलेला असायचा. अणकुचीदार टोकाचे, यंत्रावर बनलेले स्क्रू त्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाले.

रंगही बोलतो. जिथे हवा आणि धूळ लागते तिथलं लाकूड गडद होतं, झाकलेल्या जागी फिकं राहतं. आतून-बाहेरून सगळीकडे एकसारखा तपकिरी रंग दिसला, तर तो बहुधा डब्यातून आलेला आहे. खरादावर उतरवलेल्या गोल पायाची जाडी दोन दिशांनी मोजता आली तर मोजा. लाकूड रेषांना आडवं आक्रसतं, त्यामुळे फार जुना पाय किंचित लंबगोल झालेला असतो.

पायांच्या पितळी चाकांवर कारखान्याचा ठसा दिसला की लोक फार हरखतात. कोप अँड कॉलिन्सन हे नाव व्हिक्टोरियन चाकांवर बऱ्याचदा सापडतं. पण त्या ठशावरून चाकांचं वय कळेल, चाकं काय, कुठल्याही पायाला बसवता येतात.

प्रश्न: आमची बैठकीची खोली मध्यम आकाराची आहे. शेझ लाँगची पाठ डावीकडे असावी की उजवीकडे? आणि ती जिन्यावरून वर येईल का?

समोर उभं राहून बघताना उंच टोक कोणत्या हाताला येतं, ते विक्रेत्याला विचारा आणि फोटोही मागवा. «डावी» म्हणजे बसणाऱ्याची की बघणाऱ्याची, यात भल्याभल्यांचे घोटाळे होतात. ज्या भिंतीला किंवा कोपऱ्याला ती लावायची तिकडे उंच टोक आणि खोलीकडे मोकळं टोक, एवढं साधलं की पुरे. रेलल्यावर नजर कुठे जाते तेही बघा. उंच टोक खिडकीकडे असेल तर उजेड मागून पुस्तकावर पडतो. उलट लावली तर तोच उजेड डोळ्यांत येतो.

कोणती बाजू हा प्रश्न नकोच असेल, तर दोन्ही टोकं वळवून उंच केलेला रेकामिए हा प्रकार बघा. फ्रेंच चित्रकार जाक-लुई दावीदने १८०० साली मादाम रेकामिए यांचं चित्र काढायला घेतलं, ते अपुरंच राहिलं आणि आता लूव्र संग्रहालयात आहे. त्यात त्या ज्या बैठकीवर रेलल्या आहेत, तिच्यावरून हे नाव पडलं. खोलीच्या मधोमध ठेवायला यासारखी दुसरी बैठक नाही. मात्र उंच झालेल्या दोन टोकांमध्ये उंच माणसाचे पाय अडतात. एक टोक उंच आणि दुसरं बुटकं असेल तर ती मेरिदिएन. तिला पुन्हा डाव्या-उजव्याचा प्रश्न आलाच.

लांबी साधारण १६५ ते २०० सेंटिमीटर आणि रुंदी ६० ते ७५ असते. विकत घेण्याआधी तेवढ्या मापाचा कागद जमिनीवर पसरून दोन दिवस त्याच्या बाजूने वावरा. ये-जा करायला ७५ सेंटिमीटर तरी मोकळे हवेत.

जिन्याचं उत्तर त्रासदायक आहे. बहुतेक जुन्या शेझ लाँगचा सांगाडा अखंड असतो, आजच्या सोफ्यासारखा सुटा होत नाही. जिन्याचं वळण, दाराची चौकट, लिफ्टची उंची हे सगळं आधी मोजा, आणि उंच पाठीची उंची त्यात धरायला विसरू नका, कारण तीच अडकते. वळण अरुंद असेल तर दुशेस ब्रिझे शोधा. अठराव्या शतकातल्या फ्रान्सचा हा प्रकार दोन किंवा तीन तुकड्यांत असतो: खुर्ची, पुढे स्टूल, कधी पायथ्याशी आणखी एक बुटकी खुर्ची. पाहुणे आले की तुकडे वेगळे करून बसताही येतं. लहान घराला ही इतकी सोयीची वस्तू लोक का मागत नाहीत, मला कळत नाही.

प्रश्न: एक शेझ लाँग फार आवडली आहे. कापड फाटलंय, एका जागी बसकं झालंय. आतलं सगळं काढून नवीन फोम भरावा असं एकाने सुचवलं. करू का?

आत काय आहे ते कळल्याशिवाय नाही.

जुन्या बैठकीत खालून वर असे थर असतात: तागाच्या पट्ट्या, त्यांच्यावर शिवलेल्या गोल स्प्रिंगा, त्या सुतळीने एकमेकींना बांधलेल्या, वर गोणपाट, मग घोड्याच्या केसांचं किंवा काथ्याचं भरण, त्यावर कापूस, साधं पांढरं कापड आणि शेवटी दिसतं ते वरचं कापड. कडेची गोलाई टाके घालघालून उभी केलेली असते. त्या टाक्यांमुळेच शेझ लाँगची कड वर्षानुवर्षं ढासळत नाही. (स्प्रिंगा बैठकीत सर्रास आल्या त्या १८३० नंतर. त्याआधीची म्हणून विकली जाणारी शेझ लाँग स्प्रिंगांची असेल, तर त्या मागाहून घातलेल्या असणार.)

एका जागी बसकं होण्याचं कारण बहुतेक वेळा भरण नसून तुटलेली पट्टी किंवा सुतळी असतं. हात दाबून बघा. स्प्रिंग एका बाजूला कलंडली आणि कुरकुरली, तर सुतळी गेली. हात सरळ आत गेला, तर पट्टी गेली. दोन्ही कामं चांगला कारागीर खालून उघडून करतो. घोड्याचे केस तर धुऊन, पिंजून पुन्हा वापरता येतात. ते फेकून फोम भरला की बैठकीची उंची आणि पाठीचा उतार बदलतो, कड बोजड होते, आणि वस्तूचं सगळं रूप गादीच्या ठोकळ्यासारखं होतं. माझं मत विचाराल तर केस असतील तर केसच ठेवा. याउलट १९५० नंतरच्या वस्तूत मुळातच फोम असेल आणि दाबल्यावर तपकिरी चुरा गळत असेल, तर तो बिनधास्त काढा. त्या फोमचं आयुष्य संपलेलं आहे.

कापड घेण्याआधी कारागिराला वस्तू दाखवा. साध्या शेझ लाँगला १४० सेंटिमीटर पन्ह्याचं पाच ते सात मीटर कापड लागतं. खोल बटणं असतील तर प्रत्येक घडीत कापड जातं आणि हे माप चांगलंच वाढतं. रोज वापरायची असेल तर मार्टिनडेल चाचणीत २०,००० ते २५,००० घासण्या झेललेलं कापड मागा, हा आकडा कापडाच्या माहितीपत्रकावर असतो. मखमल घेतली तर तिची लव सगळ्या तुकड्यांवर एकाच दिशेला बसवायला सांगा, नाहीतर एकाच ठाणातलं कापड दोन रंगांचं दिसेल. आणि जुन्या कापडाचा एक हातभर तुकडा पाकिटात घालून ठेवा. पुढे कधी विकायची वेळ आली तर तो पुरावा आहे.

हे सगळं आत्ता परवडत नसेल, तर सांगाडा आणि स्प्रिंगा नीट करून घ्या आणि वरून गालिचा पसरा. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडचा, रुग्णांना झोपवायचा जगप्रसिद्ध कोच लंडनच्या संग्रहालयात आहे, त्याच्यावर कश्काई विणीचा इराणी गालिचा पसरलेला आहे. खालचा कोच कसा आहे हे किती जणांना आठवतं?

प्रश्न: पायांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. विक्रेता म्हणतो, जुनी कीड आहे, मेलेली.

कदाचित खरं असेल. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी आत खात राहते आणि पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडताना १ ते २ मिलिमीटरचं भोक पाडतो. म्हणजे भोक दिसतं तेव्हा तो गेलेला असतो. प्रश्न असतो आत उरलेल्यांचा. भोकाची कड फिकी आणि ताजी दिसते का, खाली बारीक भुकटी पडते का, हे बघा. काळ्या कागदावर आठवडाभर उभी ठेवा. भुकटी पडली तर कीड जिवंत समजून चाला. अशी वस्तू घरात आणण्याआधी तज्ज्ञाकडून उपचार करून घ्या. लाकडात पेचकसाचं टोक सहज रुतलं, तर मात्र सोडून द्या. त्यातही पाय आणि मुख्य पट्टी जिथे जुळतात तिथे पोखरलेलं असेल, तर ती माणसाचं वजन पेलणार नाही.

ढेकणांचं विसरू नका. बटणांच्या खळग्यांत आणि शिवणींत टॉर्च मारून काळे ठिपके शोधा.

प्रश्न: पन्नासच्या दशकातली मूळ डिझायनर शेझ लाँग म्हणून एक वस्तू दाखवताहेत. विश्वास ठेवावा का?

कोणती, यावर आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याची ढगासारखी पांढरी «ला शेझ» १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या स्पर्धेसाठी आखली गेली, पण तिचं उत्पादन दोघांच्या हयातीत झालंच नाही. त्यामुळे पन्नासच्या दशकातली मूळ ला शेझ बाजारात सापडणं जवळजवळ अशक्य. नळीच्या पोलादाची, मागेपुढे सरकणारी जी सगळ्यांनी चित्रात पाहिलेली असते, ती वास्तुविशारद ल कॉर्बुझिए आणि त्याचे सहकारी पिएर जानरे व शार्लोत पेरियां यांनी १९२८ साली आखली. कासिना कंपनी ती १९६५ पासून अधिकृतपणे बनवते आणि तिच्यावर क्रमांक व सहीचा ठसा असतो. ठसा नसलेल्या नकला मोप आहेत. नक्कल घेण्यात पाप नाही, पण नकलेच्या भावात घ्या.

प्रश्न: आईला दुपारी पडायला घ्यायचा विचार आहे. तिचे गुडघे दुखतात.

मग आधी आईला त्यावर बसवून, स्वतःच्या स्वतः उठायला सांगा. बऱ्याच जुन्या शेझ लाँग बुटक्या असतात आणि मोकळ्या बाजूला हात टेकायला काही नसतं. बैठक बसल्यावर ४५ सेंटिमीटरपेक्षा खाली जात असेल, तर गुडघेदुखीच्या माणसाला ती छळते. पायाखाली लाकडी ठोकळे देऊन उंची वाढवता येते, पण चाकं काढूनच. चाकांवरची शेझ लाँग उठताना मागे सरकते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ती आईऐवजी तुम्ही वापरा आणि तिला हातांची, उंच पाठीची चांगली खुर्ची घेऊन द्या.

प्रश्न: शिसवीची एक सुंदर शेझ लाँग परदेशातून मागवायची आहे. काही अडचण?

आहे, लाकडाचीच. शिसवीच्या डाल्बर्जिया गटातल्या सगळ्या जातींवर २०१७ पासून सायटिस या, दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आहेत, आणि ब्राझिली शिसवीवर तर १९९२ पासून सर्वांत कडक. जुन्या फर्निचरला सवलती असतात, पण वयाचा आणि लाकडाचा पुरावा लागतो. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून लाकडाचं शास्त्रीय नाव लेखी घ्या आणि दोन्ही देशांच्या परवाना देणाऱ्या कार्यालयांत चौकशी करा. कागद नसलेली शेझ लाँग कस्टममध्ये अडकून पडू शकते.